खिशातला कांदा

कॉटन मार्केटच्या चौकातून मी ऑटो नेत नाही.
सवारी म्हणते, "भाऊ, इकडून कायले फिरवून राहिले?"
मी म्हणतो, "तिकडं खोदून ठेवलं आहे."
नागपुरात हे कुणालाही पटतं.

तीन उन्हाळे झाले खोदून.

नवतपाचा चौथा दिवस होता.
सव्वातीन. उन्हापायी दुपारचे सिग्नल बंद,
नुसता पिवळा लुकलुकत होता,
म्हणजे थांबायची सक्ती कुणालाच नव्हती.
दुभाजकापाशी एक माणूस
आधी गुडघ्यावर बसला, चप्पल शोधतो आहे तसा,
मग आडवा झाला.
लू लागू नये म्हणून ठेवतात तो कांदा
त्याच्या खिशातून निघाला, घरंगळला,
माझ्या पुढच्या चाकाला येऊन टेकला.
मागे स्टेशनची सवारी, गाडी साडेतीनची.
ती काही बोलली नाही.
मी ब्रेकवर पाय ठेवला होता.
ठेवला होता, हे खरं आहे.
मग काढला.
चाकाखाली कांदा फुटल्याचा आवाज
एवढासा असतो.

तेव्हापासून आंग आपल्या मनानं वागून राहिलं.
डाव्या हाताला मुंग्या. गळ्यात बोराची बी अडकल्यागत.
रात्री दोनला छातीवर कुणी
भरलेली बादली आणून टेकवतं.
मेडिकलला गेलो. पट्टी काढली.
डॉक्टरीण पोरगी हसून म्हणाली, "दिल चांगलं आहे तुमचं, काका."
मला ते ऐकून बरं वाटलं नाही.
मग रेडिओ मोठा केला. खर्रा वाढवला.
डिसेंबरातही कूलरचा पंखा लावून झोपलो,
त्याच्या घरघरीसाठी.
चंद्रकलाला सांगितलं, कांद्यानं पित्त होतं.
बिनकांद्याचा रस्सा समोर ठेवून
तिनं एकदा नुसतं पाहिलं.
विचारलं नाही.
विचारती, तर मी पित्तच सांगितलं असतं.

परवा काय झालं? काहीच नाही.
पोराच्या वयाचा एक जण मागे बसला होता,
म्हणाला, "सरळ घ्या ना, रस्ता तर मोकळा आहे."
खोदलं आहे म्हणायला तोंड उघडलं
आणि शब्द आलाच नाही.
त्याला सोडलं. पैसे न मोजता खिशात घातले.
रिकामा ऑटो घेऊन त्या चौकात परत आलो.
पिवळा लुकलुकत होता.
दुभाजकाशी लावला. इंजिन बंद. रेडिओ बंद.
तोंडातला खर्रा थुंकला.

आल्या मुंग्या. आधी बोटांत.
मी म्हटलं, या, बसा,
सवारीला म्हणतो तसंच.
मग खांद्यात. मग बादली.
पळायचं तर किल्ली हातातच होती.
हातातच ठेवली.
बादली पहिल्यांदा नीट पाहिली:
काठोकाठ नव्हती ती,
श्वास घेतला की आतलं पाणी हलत होतं.
आणि गळ्यातल्या बीच्या खाली
आणखी काही होतं.
त्याचा चेहरा मी पाहिला नव्हता, दुपट्टा बांधला होता त्यानं,
मीही बांधला होता.
नुसते डोळे दिसत होते.
ते उघडे होते. माझ्याकडे होते.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं,
मलासुद्धा.

रडलो म्हणू? शेहेचाळीस अंशांत
घाम कोणता अन् काय कोणतं, समजत नाही.
सावलीतून ट्रॅफिकवाला ओरडला,
"अबे, मरून जाशीन ना! कायले बसला तिथं?"
"दोन मिंट," म्हटलं.
दोनाची किती झाली, माहीत नाही.
हात बधिर होता, पण माझाच होता.
तो माणूस उठला की नाही,
कुणी पाणी पाजलं की नाही,
हे मला आजही माहीत नाही.
ते चौकात बसून कळणार नव्हतं.

घरी आलो. म्हटलं, "कांदा दे."
चंद्रकलानं पाहिलं. ताटाशेजारी कांदा ठेवला
आणि बुक्कीनं फोडला.
तोच आवाज.
एवढासा.
बोटांत मुंग्या आल्या.
मी ताटावरून उठलो नाही.